घंटा: ठीक

२८ मार्च, शनिवार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालतो. आईचे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला गेला का? माझं म्हणशील तर कामावर जातोय, वेळेवर जेवतोय, आणि आज चोविसावा दिवस आहे. कसला ते तुला कळलंच असेल.

पाकिटात नुसतं कात्रण घालून पाठवलंस. सोबत दोन ओळीसुद्धा नाहीत. ‘दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी खालील पत्त्यांवर संपर्क साधावा.’ त्या पत्त्यांवर तू कधी जाऊन पाहिलंस का गं? पहिल्या ठिकाणी नाचाचा क्लास निघाला. दहा-बारा पोरी आरशासमोर गिरक्या घेतायत आणि दारात मी, हातात कात्रण. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "मुलीचं नाव घालायचंय का?" दुसऱ्या ठिकाणी फोन केला तर म्हणाले, मंगळवारी या. मंगळवारी दाराला कुलूप. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "ते बुधवारी असतात." माणसाचा किती अंत पाहायचा? त्या दिवशी परत येताना मी प्यायलो. तुझं कात्रण खिशातच होतं.

तिसरा गट एका वाचनालयाच्या वर, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा मी धापा टाकत जिना चढलो. वर सात माणसं, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि पांचट चहा. एक निवृत्त मास्तर आपली कहाणी सांगत होते, ती संपता संपेना. उठून चालू लागावं असं तीनदा वाटलं. गट चालवते ती एक नर्स आहे, नऊ वर्षांपूर्वी दारू सोडलेली. तिने माझ्या हातात कार्ड दिलं. महिन्याच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे चौकट. ज्या दिवशी प्यायलो नाही, त्या दिवशी झोपण्याआधी सही करायची, बस्स.

मी पेन काढलं आणि पाच तारखेपासून एकतीसपर्यंत सगळ्या सह्या तिथल्या तिथे ठोकून दिल्या. हाताची सवय. आमच्या तपासणीच्या कार्डांवरही ब्रेक, दार, दिवा, घंटा अशा चौकटी असतात. एकेक इमारत चढून कोण बसतंय? महिन्याच्या सुरुवातीलाच सगळी कार्डं उरकायचो.

नर्स म्हणाली, "अहो, आज पाच तारीख. एकतीसचं आत्ताच तपासून झालं?"

सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने. माझं डोकं फिरलं. कार्ड फेकलं आणि तरातरा जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर त्या बंद लिफ्टच्या दारापाशी आलो आणि पुढे पाऊल उचलेना. तिथल्या पायरीवर बसून रडलो, ताई.

आता जे लिहितोय त्यासाठी चार कागद फाडले आहेत.

मागच्या वर्षी आई तुमच्या लिफ्टमध्ये दोन तास अडकली. बाहेर काढल्यावर ती एकच सांगत होती, "मी बटण दाबत होते, घंटा वाजतच नव्हती." संध्याकाळी कमिटीने सगळ्यांसमोर बटण दाबलं, तर खणखणीत वाजली. मग वॉचमनकाका झोपले असणार असं ठरलं आणि त्यांची अकरा वर्षांची नोकरी गेली. आईला आता नीट आठवत नाही असं तू ठरवलंस. डॉक्टरकडे नेलंस. तेव्हापासून तिला गॅससुद्धा पेटवू देत नाहीस.

घंटेची बॅटरी मेलेली होती. दुपारी, तुम्ही आईपाशी होतात तेव्हा, मी ती गुपचूप बदलली. कार्डावर ‘घंटा: ठीक’ यापुढे सही माझी होती, बारच्या टेबलावर बसून केलेली. त्या महिन्यात मी तुमच्या इमारतीत पाऊलही ठेवलं नव्हतं.

कमिटीसमोर आई माझ्याकडे वळून म्हणाली होती, "तू सांग ना रे यांना, तुझंच काम आहे हे." आणि मी म्हणालो, "आई, घंटा चालू आहे."

मी पितो म्हणून तू मला तुमचं दार बंद केलंस. त्याहून मोठं कारण तुला माहीतच नव्हतं.

पाच तारखेला त्या पायरीवरून उठून मी पुन्हा वर चढलो. मास्तर अजून बोलतच होते. नर्सने काही न विचारता दुसरं कार्ड दिलं. त्यावर तेवीस सह्या आहेत. चोविसावी झोपण्याआधी करीन.

सोमवारी ऑफिसात आणि तुमच्या कमिटीपुढे हे सगळं लिहून देणार आहे. लायसन्स जाईल, जाऊ दे. वॉचमनकाकांचा पत्ता कुणाकडे असेल तर मिळवून ठेव, मला त्यांच्या दारात जायचं आहे. तुझ्या दारात कधी यायचं ते तू ठरव. रागाव, शिव्या घाल, पुन्हा नुसतं कात्रण पाठव, मी ऐकून घेईन. पण आईला माझ्यासाठी थांबवू नकोस. हे पत्र आजच तिला वाचून दाखव. तिला सांग, तुझं बरोबर होतं. घंटा वाजलीच नव्हती.

पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून, आजच्याच तारखेला सही करतो आहे,

तुझा धाकटा भाऊ