नामदेवच्या विहिरीत मासे

अकोला, ता. ३ ऑगस्ट
मोर्णा नदीतून चौदा मासे आणले, वर्गात दाखवायला. बोटाच्या पेराएवढे, डोक्यावर रुपेरी ठिपका. टिनवाल्याने चौकटीत काचा बसवून पेटी करून दिली.

ता. ४
सकाळी अकराच. तीन उडी मारून बाहेर, फरशीवर वाळलेले. वर जाळी टाकली.

ता. ६
पाण्याच्या वरच्या बोटभर थरातच राहतात. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. तळाला गेलेल्या कणकेकडे ढुंकून पाहत नाहीत. सौ.चे म्हणणे एवढेच, पेटी चुलीपासून लांब ठेवा.

ता. ११
शेजारच्या मळ्यातल्या नामदेव माळ्याच्या विहिरीचे तांब्याभर पाणी पेटीत ओतले. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. चहा संपेपर्यंत एक उरली नाही. नामदेवला म्हटले, मासे विहिरीत सोडू या, डास आणि ताप कमी होतील. चिडला.
"त्या पान्यानं आमी देवाले आंघोय घालतो, गुर्जी. मासे काहून सोडाचे त्यात?"
विषय संपला.

ता. १४
एक मासा बरणीत घालून शाळेत नेला. कोपरा सोडेना, खाईना. घरी आणून पेटीत सोडला, लगेच बाकीच्यांत मिसळला. एकट्याने जमत नाही त्यांना.

ता. १९
नामदेवची थोरली चंद्री पुन्हा थंडी वाजून तापली. वय नऊ. ताप दिवसाआड येतो. क्विनीनच्या पुड्या दिल्या. गेल्या साली मधली याच तापाने गेली.

ता. २२
दुपारी जिजा, नामदेवची बायको. धाकटी कडेवर. पेटीसमोर बसून राहिली.
"यायनं माह्या चंद्रीचा ताप जाईन?"
खोटे बोलवेना. म्हटले, नाही, तो पुड्यांनीच.
"मंग कायले सोडाचे?"
"धाकटीसाठी."
उठून गेली.

ता. २३
नामदेव भाजी घेऊन बाजारात. जिजाने कुंपणावरून हाक मारली. "सोडा गुर्जी. सारे सोडा." कळशीतून नेले, अकराही. ती तोंडाला पदर लावून वाकून पाहत होती. सावलीत दिसेनासे झाले.
सौ. म्हणाली, एखादा तरी ठेवायचा. एकटा काय करणार होता…

ता. २७
तापाच्या दोन पाळ्या चुकल्या. चंद्री उठून भाकर खाते.
संध्याकाळी नामदेव दारात. "इहिरीत मासे कोनं सोडले?"
"मी."
मागून जिजा, "म्याच सांगतलं त्यायले."
तिच्याकडे पाहत राहिला. मग आपली बादली उचलून विहिरीकडे गेला. ती त्याच्या मागे. केळींआड विहीर दिसत नाही. रहाट वाजतो आहे. नेहमीचे पाणी काढतो आहे की मासे, कळत नाही.