साळूबाईंचा खुबा

रविवार, ८ एप्रिल १९८४

आज नव्या घरात आले. आले म्हणजे मला आणलं, रुखवताच्या ताटासारखं चौघांनी अलगद उचलून! मुंबईला खुब्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले. झिजलेलं हाड काढून डॉक्टरांनी स्टीलचा गोळा आणि दांडी बसवली आहे. आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आणि मला जिना बंद, म्हणून नाशिक रोडला हे तळमजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. घरमालक वाल्मीकराव सिन्नरला असतात. त्यांच्या आईचं, साळूबाईंचं, हेच ऑपरेशन झालं होतं. त्यामुळे उंच खाट, भोकाची खुर्ची, वॉकर, सगळं घरात तयार. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. वॉकरचे स्क्रू आवळून म्हणाले, नशीब काढलंस.

मला एकच हवं आहे. जूनमध्ये शाळा उघडली की चौथीच्या वर्गात स्वतःच्या पायांनी शिरायचं.

बुधवार, ११ एप्रिल

नियम पाठ केले. तीन महिने मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, पायावर पाय नाही, आणि झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी, नाहीतर गोळा खोबणीतून निसटून बाहेर येतो. एवढी वर्षं मुलांना पाढे म्हणायला लावले, आता माझी पाळी.

लंकाबाई सकाळी धुणीभांडी करून जाते. बारा ते साडेपाच मी एकटी.

भिंतीत साळूबाईंच्या देवांचा कोनाडा आहे. आम्ही बौद्ध, आम्हाला देव्हारा नको, म्हणून ह्यांनी तिथे रेडिओ ठेवायचं ठरवलं. आत हात घातला तर लाल फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोडलं, तर गोळा आणि दांडी! ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला दाखवलेला सांधा अगदी असाच होता.

लंकाबाईला विचारलं. साळूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तर राखेत हा निघाला. अस्थी रामकुंडात सोडल्या, पण वाल्मीकराव म्हणाले, हाडं गंगेत विरघळतात, लोखंड काय विरघळणार? चिंचेने घासून लख्ख केला आणि घरीच ठेवला.

मला हसूच आलं. ही माझ्या खुब्याची थोरली बहीण, म्हटलं, आणि खिडकीत ह्या वहीवर वजन म्हणून ठेवून दिली.

मंगळवार, १७ एप्रिल

दुपारी डुलकी लागली होती. टक असा आवाज झाला, मग पाय फरपटल्याचा, पुन्हा टक. मी चालते तेव्हा होतो तसाच. डोळे उघडले तर वॉकर उशाशी नाही, खिडकीपाशी. लंकाबाईनेच झाडताना सरकवला असणार. त्याच्याशिवाय मला खाटेवरून उतरता येत नाही. हे येईपर्यंत तशीच पडून राहिले. लंकाबाईची खरडपट्टी काढायची आहे.

शनिवार, २१ एप्रिल

लंकाबाई शपथेवर सांगते की तिने वॉकरला हात लावला नाही. आज ती गेल्यावर मी स्वतः तो उशाशी घेतला होता. दोन वाजता जाग आली तेव्हा पुन्हा खिडकीपाशी. हे आल्यावर गोळा हातात घेतला. कोमट होता. खिडकी उत्तरेची आहे, तिथे ऊन येत नाही.

रविवार, २२ एप्रिल

लंकाबाईला सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "लय हौस व्हती म्हातारीला चालायची. येकदाच अंगणात चालली अन् आठ दिसांत गेली. तिचं निम्मं हितंच राह्यलंय बाई. गंगंत सोडा त्याला." मी तिला झापलं. आमच्या घरात देवच नाहीत, भूत कुठून येणार?

झापलं खरं, पण दुपारभर डोळा मिटला नाही.

मंगळवार, २४ एप्रिल

मला भीती वाटते आहे. लिहूनच टाकते. काल खिडकीशी कोणी तरी कण्हत होतं. ह्यांना सगळं सांगितलं. हे हसले, पण ड्यूटीवरून परस्पर रामकुंडावर गेले, जन्मात पहिल्यांदा. पाणी कमरेएवढं होतं, मध्यावर जाऊन गोळा सोडला म्हणाले. मी लहान मुलीसारखी रडले.

शुक्रवार, २७ एप्रिल

तीन दिवस काही नाही. आज दारापर्यंत बारा पावलं चालले! स्वतःचीच लाज वाटते. लंकाबाईला नवीन लुगडं घ्यायचं आहे.

सोमवार, ३० एप्रिल

दुपार. पुन्हा टक. वॉकर आपोआप खिडकीपाशी गेला, मी जागी होते, बघत होते. मग खिडकीची फळी चाचपल्याचा आवाज. बराच वेळ. मग कोनाड्यात. मग खाटेखाली.

शोधते आहे.

मंगळवार, १ मे

सुट्टी असून ह्यांची ड्यूटी. इथून हलवा म्हणून हात जोडले. रविवारी गाडी बघतो म्हणाले. लंकाबाई यायची बंद झाली.

बुधवार, २ मे

आज आवाज खाटेच्या पायथ्याशी थांबला. टाक्यांची जागा गरम लागते आहे.

गुरुवार, ३ मे

किती मूर्ख मी. तो खिडकीत होता तोवर ती खिडकीपर्यंतच यायची. तिला तो तिथे सापडायचा. आम्ही तो काढून टाकला. आता ह्या घरात तसा गोळा एकच उरला आहे —

सव्वादोन. उशाशी ठेवलेला वॉकर दारापाशी गेला होता. आता खोलीच्या मध्यावर. हाक मारली, शेजारी कोणी नाही. उतरता येत नाही —

खाटेपाशी. थांबली.

चादर वर — हात थंड आहे, टाक्यांच्या खुणा मोजल्यासारखा एकेक — नको आई, मला जूनमध्ये शाळे — पायांमधली उशी ओढते आहे, उशी का ओढ —