कोरसमधल्या बाईनं नाव पुकारलं

४ जाने., नांदेड
पक्कं झालं. मॅडमच्या देशभरच्या टूरमध्ये कोरस. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, पुढचं नंतर कळेल. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक ऑटोत ज्यांची गाणी वाजतात, त्यांच्या मागं मी उभी राहणार! अण्णा पेटीवरची धूळ पुसत होते. सांगितलं तरी पुसतच राहिले. त्यांच्या गायन पार्टीत सतरा वर्षं मीच गातेय, त्यांचा आवाज कधीचाच बसलाय. एवढंच म्हणाले, भीमजयंतीचे कार्यक्रम एप्रिलात, तोवर बघू. आई मात्र गल्लीभर सांगून आली.

९ जाने., मुंबई
तालीम. कोरसात चौघी. कानात यंत्र, त्यात तालाची सारखी टकटक. पायापुढं पट्टी चिकटवलीय, ती ओलांडायची नाही. मेहुल, टूरचा मॅनेजर. वय माझ्याएवढंच, बोलणं हेडमास्तरचं. म्हणे तुमचा आवाज वर येतोय, दाबा. भोंग्यातून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवायला शिकले, आता दाबायला शिकतेय. जमतंय. जाताना मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१८ जाने., पुणे
मुंबई झालं, काल पुणे. मॅडम ओळ अर्धी सोडतात आणि अख्खं मैदान ती पुरी करतं. अंगावर काटा. असल्या कार्यक्रमांना मी नावं ठेवायची, आता नाही ठेवणार. फक्त दिव्यांमुळं एक चेहरा दिसत नाही. आमच्याकडं दुसऱ्या ओळीत कोण पेंगतंय तेही दिसतं.
अण्णांचा फोन. जळकोटवाले कार्यक्रमाची तारीख मागतायत. थांबा म्हटलं. किती दिवस थांबवणार, देव जाणे.

२३ जाने., हैदराबाद
काल घाण करून ठेवली. नीट लिहून काढते.
शेवटच्या गाण्यात मैदानावर दिव्यांचा झोत सोडला. पुढं कठड्याला चार पांढऱ्या साड्या. इस्लापूरच्या महिला मंडळाच्या बाया! दरवर्षी आमचा कार्यक्रम ठेवतात त्या. गयाबाई वाघमारे सगळ्यांत पुढं, हातात पन्नासची नोट वर धरलेली. सुरक्षावाला हात खाली करतोय, ती पुन्हा वर करतेय.
आमच्याकडं कुणी नोट दिली की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचं. विचार करायला वेळच नव्हता. पट्टी ओलांडली, वाकले, नोट घेतली आणि माईकवर बोलून गेले, “इस्लापूरच्या गयाबाई वाघमारे यांच्याकडून पन्नास रुपये. गायन पार्टी आभारी आहे. जयभीम.”
आमची वाद्यं थांबली असती. इथली यंत्रावरची, ती कुठली थांबायला. मॅडमची ओळ हुकली. लोक हसले. मागून कुठून तरी “जयभीम” आलं.
मेहुलनं काय काय सुनावलं ते लिहीत नाही. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, “ती ओळ मी रोज आईसाठी म्हणते. आई आता नाही.” मला माहीतच नव्हतं. पाया पडायला गेले तर धरलं त्यांनी.
सही करायला पत्र दिलंय. यापुढं प्रेक्षकांकडून काही घेणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही. उद्या अकराच्या आत. नाहीतर नांदेडचं तिकीट काढून देणार.

२४ जाने.
मॅडमची माफी मागितली, मनापासून. उद्या पुन्हा मागेन. पण हे पत्र मॅडमबद्दल नाहीच.
सकाळी गयाबाईचा फोन. दुपारपासून उभ्या होत्या म्हणे. “लई हात हलवले. तू बघूनच न्हाई राहिली. मंग म्हनलं नोट तरी दिसंल.”
मग अण्णांना केला. सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी होती.
“मॅडमची ओळ मोडली, ते वाईट केलंस.”
हो म्हटलं.
“गयाबाईचं नाव बराबर घेतलंस का?”
“घेतलं.”
“तिला ऐकू गेलं?”
“अख्ख्या मैदानाला गेलं, अण्णा.”
नाक ओढल्याचं ऐकू आलं. फोन मीच ठेवला.
पावणेअकरा. बंगळुरूची बस खाली लागलीय, बाकीच्या तिघी जाऊन बसल्या. मेहुल दारात उभा आहे, स्वतःचं पेन पुढं करून. पेन घेतलंय. त्यानंच हे लिहितेय, सहीची जागा अजून कोरीच आहे.