तापाचा निरोप गेला कुठं?

माय, तू गेलीस अन् झरीतल्या आपल्या घरातला तो फोनही बंद पडला. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, अन् तुझी लेक परभणीत बसून त्याच फोनवर निरोप धाडायचं काम करते. हसू नको. जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते मी. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं इथल्या एका वसतिगृहात राहतात. त्यांची खबरबात ज्याच्या त्याच्या आईबापाच्या मोबाइलवर जावी, दुसऱ्या कुणाच्या नाही, एवढंच ते काम. त्यासाठी वेबसॉकेट वापरतो. म्हणजे दोघांनीही कानाला लावूनच ठेवलेला फोन समज.

मागच्या आठवड्यात एका पोरीला ताप भरला. वसतिगृहातल्या बाईंनी तिच्या आईला निरोप टाकला, आमचा सर्व्हर म्हणाला, गेला. दुसऱ्या दिवशी त्या आईचा फोन आला, लय भडकलेली. "लेकरू तापानं फणफणायलंय अन् मला कुणी सांगंना! गावाकडून नणंदेनं कळवलं तवा कळलं." पोरगी आता बरी आहे, पण त्या बाईला मी काय तोंड दाखवू? दिवसभर नोंदी चाळल्या. निरोप निघालेला दिसतो, मध्ये कुठं चूक नाही, मग गेला कुठं? मला जेवण गोड लागेना. शेवटी सापडलं. ती आई उसाच्या फडात होती, रेंज गेली, जोडणी तुटली, अन् नेमका तेव्हाच निरोप निघाला. पलीकडं कुणी नाही म्हटल्यावर सर्व्हरनं तो मुकाट्यानं टाकून दिला. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. निर्लज्ज मेला!

तेव्हा तू आठवलीस. अर्ध्या गावाचे फोन आपल्याकडं यायचे. फडावरून कुणाचा तरी नवरा बोलायचा अन् तू रिसीव्हर बाजूला ठेवून, चपला सरकवून त्या घराकडं निघायचीस. ओट्यावरून हाक मार की, असं मी एकदा म्हटलं तर माझ्यावर खेकसलीस, "निरोप तिचा हाय, समद्या आळीला कशाला ऐकवू?" अन् ती बाई रानात गेलेली असली की निरोप ऐकून घेऊन पदराला गाठ मारायचीस. मला ते अजून दिसतं. तू भाकरी थापतेस, गाठींचा पदर कमरेला खोचलेला, अन् दारावरून ती जाताना दिसली की पिठाच्या हातानंच उठतेस. आधी सांगतेस, मग गाठ सोडतेस. पण एकेका दिवशी चार-पाच गाठी असायच्या, माय. सगळ्या सारख्याच दिसायच्या मला.

मी आता तसंच केलं. निरोप आधी ठेवून घ्यायचा, माणूस जोडला गेला की द्यायचा, अन् त्याच्या फोननं मिळाला म्हटल्यावरच पुसायचा. काल त्या बाईला मुद्दाम फोन बंद करून परत चालू करायला लावला. "आला की गं बाई! पोरगी जेवली म्हनायलाय!" माझ्या जिवात जीव आला.

न पोचलेला निरोप टिकून राहतो का, हे तपासायला कधीच न जोडलं जाणारं एक नाव लागतं. मी तिथं 'माय' टाकलं अन् एक निरोप धाडला. काम झालं की पुसते, असं ऑफिसात सांगितलं होतं. पण पुसायला जीवच होईना, तो तिथंच पडून आहे. कोणती गाठ कुणाची, ते तुला कसं कळायचं गं, एवढंच विचारलंय त्यात.