इल्सेबाई उठत नाहीत

हानोफर, जर्मनी
२ एप्रिल २०२५

ती. आबाजींस, मोनालीचा स. जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की इथले शेजारी दार वाजवतात, म्हणून हे पत्र. त्याचा फोटो रवीकाकांच्या मोबाइलवर पाठवते. त्यांनी तो तुमच्या हातात द्यावा, वाचून दाखवू नये. मधेच ते पदरचं घुसडतात.

मी नोकरी करते त्या वृद्धाश्रमासमोर गटारासाठी खोदताना एक बॉम्ब निघाला आहे. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांपूर्वी युद्धात विमानातून टाकलेला. तेव्हा फुटला नाही, मातीत निजून राहिला. वर रस्ता झाला, झाडं वाढली. सध्या ती पांढऱ्या फुलांनी इतकी भरली आहेत की रस्ता स्वप्नात पाहिल्यासारखा वाटतो, आणि त्याच्याच खाली हे! रविवारी तो निकामी करणार आहेत. तोवर सगळ्यांनी वस्ती सोडायची.

सगळे तयार आहेत, फक्त माझ्या इल्सेबाई नाहीत. वय अठ्ठ्याऐंशी, हृदय नाजूक. लहानपणी याच शहरात त्यांनी बॉम्बहल्ला पाहिला, एवढंच सांगतात. उठल्या नाहीत तर पोलीस उचलून नेतील, असं आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं आहे. उचललं तर त्या वाटेतच जातील अशी मला फार भीती वाटते. तुमचा जन्म विहिरींना सुरुंग लावण्यात गेला. हट्टी म्हातारीला घराबाहेर कसं काढायचं ते सांगा. आणि इतक्या वर्षांनी तो खरंच फुटतो का हो?

गोळ्या चुकवू नका.
तुमची एकुलती नात,
मोनाली


बोरी अरब
४ एप्रिल २०२५

चि. मोनालीस डोमाजीचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. रवीने आधी वाचलंच. इकडे कडुनिंब फुलला आहे, मी त्याखाली बाज टाकून पडून असतो. ऐकू येत नसल्यामुळे सगळं गाव पाण्याखालून चालल्यासारखं दिसतं. वाईट नाही.

तो बॉम्ब फुटू शकतो. तेव्हा तू शहाणपणा न करता बाहेर निघ.

आता म्हातारीचं. नेरकडे अब्दुल गनीच्या वावरात विहीर खोदत होतो. त्याची आई अमिनाबी विहिरीला लागूनच खोपटात राहायची. सुरुंग उडायच्या आधी सगळे दूर जात, ही एकटी उठेना. मेरे घर से मैं कायकू उठूं म्हणून तिने मला चांगलंच झाडलं. शेवटी मी तिच्याजवळ बसलो आणि तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं, की बाई, मले आता आयकू येत नाही. जितके सुरुंग लावले तितके आवाज मोजायचे असतात. एक जरी कमी आला तर न फुटलेला सुरुंग आत असतो, त्या दिवशी विहिरीत कोणी उतरत नाही. कामावरून काढतील म्हणून मी कान गेल्याचं लपवत होतो आणि धुराचे लोट पाहून अंदाजाने आकडा सांगत होतो. निव्वळ मूर्खपणा!

अमिनाबी मला पोटभर हसली. मग उठली आणि वावराच्या कडेला लांब धुऱ्यावर जाऊन मोजायला बसली. पाच लावले होते, मला पाचही उडालेसे वाटले. मी उतरायला निघालो तर तिने चारच झाले म्हणून माझ्या अंगातली बंडी धरून ठेवली. तिच्यामुळे आज तुला लिहितो आहे.

म्हणून बाईंना उठा म्हणू नको. तुझं जे खरंच अडतं ते त्यांच्यापुढे मांड. उगाच खोटं काम देऊ नको, म्हाताऱ्या माणसाला ते लगेच समजतं.

या बहिऱ्याला पत्र घालत जा.
तुझा आबाजी


हानोफर
७ एप्रिल २०२५

ती. आबाजींस, स. जयभीम.

बॉम्ब निकामी झाला. आम्ही सुखरूप आहोत.

माझं काय अडतं ते शोधत काल सकाळी इल्सेबाईंच्या खोलीत गेले, पण शोधावं लागलंच नाही. बाहेर भोंगा वाजला. घाबरले की मला जर्मन समजत नाही. कर्ण्यावरून काय सांगताहेत ते कळेना. मी त्यांच्यासमोर चक्क रडले. मला एकटीला भीती वाटते, मला घेऊन चला, असं म्हणाले. त्यांनी बूट घातले आणि माझा हात धरला.

रिकाम्या वस्तीतून बस गेली. ना माणूस, ना गाडी. फक्त फुलं गळत होती. सगळं शहर झोपलंय आणि आपण त्याच्या झोपेतून चाललोय असं वाटत होतं.

एका शाळेच्या मोठ्या खोलीत आम्हाला बसवलं. तिथे त्या हळूहळू बोलल्या. हल्ल्याच्या रात्री त्या सहा वर्षांच्या होत्या. घरातून पळताना आईने धाकट्या भावाचा हात त्यांच्या हातात दिला होता, सोडू नको म्हणून. धुरात तो सुटला. भाऊ पुन्हा मिळाला नाही. आपण घर सोडलंच नसतं तर तो राहिला असता, असं त्यांना अजून वाटतं.

सात तास त्यांनी माझा हात सोडला नाही. मी डाव्या हाताने जेवले. फक्त संडासापुरता सोडला, तर त्या दाराला कान लावून उभ्या! बॉम्ब निकामी झाल्याचं कळल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हा दोघींनाच वाजवता आल्या नाहीत.

संध्याकाळी परत आलो. त्यांच्या खोलीच्या दारात त्यांनी मला विचारलं, की तू नीट पोचलीस ना. पोचले, म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी हात सोडला.

इथल्या आम्हा दोघींवर माया असू द्या.
तुमची,
मोनाली