सुटणारी गाठ

आण्णा, तुमच्या नातीनं या आठवड्यात माझं डोकं फिरवलंय, आणि त्याचं खापर मी तुमच्यावरच फोडणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा हट्ट काही गेला नाही. तो एक पिढी ओलांडून थेट हिमालयात पोचलाय. पोरगी बर्फावरून घसरायला शिकते. पायात जड बूट, बुटाखाली लांब पट्ट्या, त्यांना स्की म्हणतात. बूट पट्टीला धरून ठेवायला एक खटका असतो, बाइंडिंग. सगळी गोम त्या खटक्यात आहे. घसरताना त्यानं घट्ट धरायचं, पण माणूस पडून पाय पिरगळायला लागला की आपणहून सुटायचं. नाही सुटला तर गुडघा गेलाच. म्हणजे आपल्या भाषेत सुरगाठ. आणि सुरगाठीचं नाव काढलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्या मला अजून दिसतात.

आपल्या बोरी गावच्या गोठ्यात मी वासराला सुरगाठ मारली, की तुम्ही येऊन ती एका हिसक्यात सोडायचात आणि म्हणायचात, "वढल्यावं सुटती तिला गाठ कशापायी म्हनायची?" मग वर निरगाठ. ती दुसऱ्या दिवशी आई दातांनी सोडवायची. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा जुंपायच्या आधी बैल धरायला तुम्हीच पुढं. सगळे कासरा मुठीत धरायचे, तुम्ही मनगटाला दोन वेढे देऊन वर गाठ मारायचात. त्या वर्षी ताशा कडाडला, बैल बुजला आणि तुम्हाला घेऊनच पळाला. मी आईच्या शेजारी उभी आहे, धुळीत तुमचा पांढरा सदरा कधी वर दिसतोय, कधी खाली. बांधाच्या बाभळीत कासरा अडकून बैल थांबला, तेव्हा चुलत्यांनी खुरप्यानं कासरा कापला. तुमचा गुडघा भलतीकडेच वळला होता. आणि तुम्ही विचारलंत काय, तर "बैल सुटला न्हाई ना?" वर चुलत्यांनाच रागावलात, "नवा कासरा व्हता, कापला कशाला?" पुढं जन्मभर पाय ओढत चाललात, पण गाठ चुकली असं एकदाही म्हणाला नाहीत.

आता नातीचं ऐका. मागच्या वर्षी उतारावर हिची पट्टी सुटली, ही सगळ्यांसमोर आपटली आणि लोक हसले. पाय शाबूत राहिला हे कुणाला दिसतंय! यंदा पट्टी सुटायलाच नको म्हणून मैत्रिणीचं जुनं बाइंडिंग घेऊन गेली. पायथ्याच्या दुकानातून मला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा मी इकडं येडगावला सासरी भाकरी थापत होते. दुकानदारानं ते जुनं हातात घेऊन पाहिलं आणि बाजूला ठेवलं. स्प्रिंग मेलेली, शिवाय हिच्या बुटाचा तळवा त्यात बसत नव्हता. दुसरं काढलं. ते किती आवळायचं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि घसरायला किती येतं यावरून ठरतो; वजन आणि सराव जास्त, तर पकड जास्त घट्ट. तर ही बया वजन दहा किलो वाढवून सांगतेय! मुलगी वजन वाढवून सांगते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. वर म्हणते, "मैं एक्स्पर्ट हूँ." मी पिठाच्या हातानं फोन उचलला आणि ओरडले, "भैया, झूठ बोल रही है! दो साल से सीख रही है, और वजन भी उतना नहीं है!" त्यानं हसत स्क्रू मागं फिरवला, बूट अडकवून पिळून पाहिला, खट्‌कन सुटला. हिनं माझा फोन कापला आणि बोलणंच टाकलं.

रोज लावत होते, उचलत नव्हती. भाकऱ्या करपत होत्या, घरातले माझ्याकडे बघत होते. राग तिचा येत होता की तुमचा, तेही कळेना. हसतील म्हणून पाय मोडून घ्यायचा, पण सुटायचं नाही, ही कुठली अक्कल हो आण्णा? आज दुपारी तिचाच फोन आला. म्हणाली, "आई, लई जोरात पडले गं. पाय पूर्ण पिरगळला होता. पण पट्टी सुटली." मी विचारलं, "हसले का कोणी?" म्हणाली, "हसले की. मीपण हसले." फोन ठेवला आणि चुलीपाशीच बसून मी रडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. ती निघाली तेव्हा नारायणगावच्या स्टँडवर तिची बॅग मी धरली होती. एसटी सुरू झाली, कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, सोडा की आता!" आणि ती दारातून वाकून बॅग ओढत होती. खाली बघितलं, तर बॅगेच्या पट्ट्याचे दोन वेढे माझ्या मनगटाला होते.