गावचा सूर

३ जून
बँडच्या तालमीत कीबोर्डवाली विनार्ती सगळ्यांसमोर म्हणाली – "म्बाह, तुमची गिटार चढी लागते. माझ्या कीबोर्डशी भांडते." मी म्हटलं, गिटार गावच्या गामेलानशी, त्या लोखंडी पट्ट्यांच्या वाद्यांशी जुळते, तीस वर्षं जुळते. "मग कीबोर्ड बेसूर? कारखान्याला कळवू का?" सगळे हसले. मीही हसलो – म्बाह म्हणजे आजोबा, आजोबाने चिडून कसं चालेल. जाता जाता म्हणाली, कीबोर्डात गिटारीचंही बटण असतं.

बटण!

४ जून
गामेलानची सहा नंबरची लोखंडी पट्टी ठोकायची, तिच्याशी पाचवी तार मिळवायची, मग बाकीच्या. एवढंच मला येतं. शाळा चौथीपर्यंत. आमचं गामेलान शेजारच्या गावापेक्षा जरासं चढं – लोक अभिमानाने सांगतात. उकाड्याने तारा उतरतात. आज तीनदा मिळवल्या.

६ जून
सहाची पट्टी पडली, तडकली. बाकीच्या गंजलेल्या – एक इकडे ओढते, एक तिकडे. गावप्रमुखांनी वर्दोयोला बोलावलंय. गामेलान घडवणारा माणूस. पण तो येणार आठवड्याने. तोवर मी तार मिळवू कशाशी?

७ जून
तारा उतरल्या. उद्या तालीम. जेवण गेलं नाही.

८ जून
सुनेच्या फोनवर तार लावायची सोय आहे. काटा मधे आला की हिरवं होतं. सहाही तारा हिरव्या केल्या.

विनार्ती – "अहो म्बाह, नवे कान कुठून आणलेत?" स्वतः गोड चहा आणून दिला. बटणाचा विषय नाही.

घरी येऊन तारा परत गावच्या सुराला चढवून पाहिल्या. एवढ्या? की याहून जास्त? ठरेना. हिरव्याच ठेवल्या.

१४ जून
वर्दोयो आला, तडकलेल्या सहाच्या जागी नवी पट्टी घेऊन. प्रत्येक पट्टी ठोकून पाहिली. "गंजाने सगळ्यांना वेड लावलंय. गावचा सूर आता फक्त म्बाहच्या गिटारीत शिल्लक. छेडा, तिच्यावरच सगळं लावतो."

मी पाचवी तार छेडली. त्याने कान तिरका केला. "जरा उतरल्यासारखी नाही वाटत?"

गावप्रमुख म्हणाले, "तीस वर्षं लावतायत. ते चुकतील?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, तार बरोबर आहे.

पट्टीचं पोट कानशीने घासलं की सूर उतरतो. घासलेलं लोखंड काही परत येत नाही. तो दिवसभर घासत होता. मी शेजारी बसून तार छेडत होतो.

२२ जून
लग्नात वाजवलं. म्हातारे म्हणाले, हाच तो आपला सूर! दोघांनी माझा हात धरला.

विनार्ती कानाशी वाकली – "कीबोर्ड आज तंतोतंत जुळला. फोन ना, म्बाह?" मी गिटार पुसायला घेतली. मग तीच मोठ्याने म्हणाली – "म्बाह नसते तर हा सूर गेलाच असता!"

टाळ्या झाल्या. बँडमधली माझी खुर्ची टिकली.